सपाटीची मोटर

मित्रांनो, तुम्ही सायकल बघता, तिची बॅटरी बघता, घंटी वाजवून बघता. मला सहसा कोणी बघत नाही. मी मागच्या चाकाच्या मधोमध असते. काळी, ताटलीएवढी, आणि आता बरीच ओरखडलेली. मी विजेच्या सायकलीची मोटर आहे आणि माझं वय झालं आहे.

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली आणि कडेने लोहचुंबकाच्या पट्ट्या चिकटवल्या. माझ्या जातीच्या काही मोटरींच्या पोटात लहान दातेरी चाकं असतात. त्या कुरकुरत चालतात, सावकाश चालतात, पण चढ चढून जातात. माझ्यात ती चाकं नाहीत. सपाट रस्ता मिळाला तर मी आवाज न करता पळत सुटते. चढाला मात्र मला धाप लागते. यात माझा दोष नाही आणि मोठेपणाही नाही. मला घडवलंच तसं.

पनामातल्या एका दुकानात मी बरेच दिवस पडून होते. एक दिवस सिओमारा नावाची बाई आली. तिला क्युबात राहणाऱ्या बहिणीसाठी मोटर हवी होती. दुकानदाराने माझ्याशेजारी एक दातेरी मोटर मांडली आणि विचारलं, "ताई, तिकडचा रस्ता कसा आहे? चढ आहेत का?"

"छे हो! माझी बहीण बाराकोआत राहते, समुद्राकाठी. लहानपणी आम्ही त्या रस्त्यावर हात सोडून सायकल चालवायचो. तळहातासारखा सपाट आहे!"

"मग ही घ्या," म्हणून दुकानदाराने मला पुढे सरकवलं.

सिओमाराने मला दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरलं. दहा-बारा वर्षांची असतानाच ती गाव सोडून गेली होती. तिच्या आठवणीत गाव म्हणजे तेवढा एक रस्ता उरला होता.

तिची बहीण नेरेइदा परिचारिका होती. घर समुद्राकाठीच होतं, ते खरं. पण तिचं काम वरच्या वाड्यांमध्ये होतं. लोमा प्रिएता नावाच्या टेकडीवर कोकोच्या बागांमधून विखुरलेली घरं, तिथल्या गरोदर बायका, तान्ही मुलं, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं. रुग्णवाहिकेला पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हापासून ती पायी जायची, नाहीतर कोणाचं तरी खेचर मागून न्यायची. मी आले त्या दिवशी तिने गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून मला दाखवलं. तिचा नवरा एवेलिओ शाळेत सुतारकाम शिकवायचा. त्याने स्वतः मला चाकात बसवलं. शेजारणींनी केळीच्या पानात गुंडाळून शिजवलेला बाकान नावाचा खाऊ आणला. असं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी चढ पाहिला.

खालून पाहिलं तर तो रस्ता नव्हताच. लाल मातीची भिंत होती. नेरेइदा पायडल मारत होती, मी जीव तोडून ओढत होते. अर्ध्या वाटेत माझं पोट भट्टीसारखं तापलं. ती उतरली आणि मला ढकलत वर घेऊन गेली. काही आठवडे असंच चाललं. मग मी झटके देऊ लागले. चाक पुढे जायचं, अडायचं, थरथरायचं.

"बॅटरी गेली तुझी," शेजारी म्हणाले.

"बॅटरी नवीन आहे," नेरेइदा म्हणाली.

"नवीन असली म्हणून काय झालं? हल्ली नवीनच आधी जातात!"

शेवटी तिने मला योर्दानिसच्या दुकानात नेलं. हा तरुण मिस्त्री पंख्यापासून शीतकपाटापर्यंत सगळं दुरुस्त करायचा. त्याने बॅटरी मोजली, ती ठीक होती. मग माझ्या तारा सोडवून चाक हाताने सावकाश फिरवलं. माझ्या पोटात तीन छोटे सेन्सर आहेत. लोहचुंबक कुठे पोहोचलं हे ते सायकलीवरच्या कंट्रोलर नावाच्या डबीला कळवतात, आणि कंट्रोलर त्याप्रमाणे वीज सोडतो. दोन बोलत होते, तिसरा गप्प होता. उष्णतेने भाजून निघाला होता. योर्दानिसने मला उघडलं आणि एका बंद पडलेल्या मोटरीतला सेन्सर काढून मला बसवला.

"नर्सबाई, झाली दुरुस्त. पण खरं सांगू? ही सपाटीची मोटर आहे. चढावर घालाल तर पुन्हा भाजेल. हिच्या बदल्यात दातेरी मोटर घ्या कोणाकडून तरी."

"ही माझ्या बहिणीने पाठवली आहे, योर्दानिस."

"म्हणून काय हिला दाते फुटणार आहेत?"

ती हसली नाही. "सिओमारा दर फोनवर विचारते, मोटर कशी चालते म्हणून. मी सांगते, मस्त. आता काय सांगू?"

योर्दानिसने मान हलवली. मग त्याने एक गोष्ट केली, ती नीट ऐका. माझा मधला आस फिरत नाही. मीच त्याच्याभोवती फिरते. मी जितक्या जोराने चाक पुढे ढकलते तितक्याच जोराने आस उलटा फिरायला बघतो. त्याला धरून ठेवायला योर्दानिसने एक लोखंडी पट्टी बसवली. तिचं एक टोक आसावर आणि दुसरं सायकलीच्या सांगाड्याला घट्ट आवळलेलं. "ही कधी काढू नका," तो म्हणाला. "आणि काढलीत तर आधी ही लावा, मग सायकलवर बसा."

नेरेइदा रोज दमून, मातीने माखून परत यायची. एवेलिओला ते बघवत नव्हतं. एके दुपारी ती झोपली असताना त्याने कंट्रोलर उघडला. आतल्या एका जाड तारेवरून कंट्रोलर वीज मोजतो. त्या तारेवर त्याने कथलाचा थर चढवला. आता कंट्रोलर फसला. जास्त वीज सोडायचा आणि त्याला वाटायचं, थोडीच सोडली. ही युक्ती कोणीतरी त्याला बाजारात सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी मी चढ चढले! तापले, पण न थांबता चढले. वरच्या वाडीतली म्हातारी तोमासा अंगणात कोको वाळवत होती. तिने हातातलं फावडं टाकलं. "अगं नेरेइदा, तू उडून आलीस की काय? की खेचरालाच विजेची तार जोडलीस?"

"सुधारली गं मोटर आपोआप!" नेरेइदा म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. त्या दिवसांत ती चढावर गुणगुणायची. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझा आस दर चढाला त्या पट्टीला धडका देत होता आणि मला भीती वाटत होती. सांगणार कोणाला?

मग एकदा चाक पंक्चर झालं. एवेलिओने मला काढलं, ट्यूबला ठिगळ लावलं, मला परत बसवलं. नट आवळत असताना शाळेतून हाक आली, कुठलं तरी छप्पर गळत होतं. पट्टी फळीवरच राहिली.

त्याच आठवड्यात तोमासाची सून दानाई हिला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. दुपारी निरोप आला. आभाळ भरून आलं होतं. नेरेइदाने पिशवी पाठीला लावली आणि आम्ही निघालो. पाऊस सुरू झाला, माती निसरडी झाली. शेवटच्या वळणावर तिने जोर वाढवायला मूठ पिळली. कंट्रोलरने भरमसाट वीज सोडली. धरायला पट्टी नव्हती, माझा आस सांगाड्याच्या खाचेत गरकन फिरला. त्याच्यातून बाहेर येणाऱ्या माझ्या तारा त्याच्याभोवती पिळल्या गेल्या आणि तुटल्या. चाक तिरकं होऊन अडकलं. नेरेइदा उजव्या हातावर पडली, दगडावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

ती थोडा वेळ बसून राहिली. मग गळ्यातल्या रुमालाने हात छातीशी बांधला, पिशवी डाव्या खांद्यावर घेतली आणि माझ्याकडे न बघता वर चालू लागली. मी तिथेच पावसात पडून राहिले.

पुढचं मी नंतर ऐकलं. एका हाताने बाळंतपण करणं तिला शक्य नव्हतं. ती दानाईच्या डोक्याशी बसली आणि तोमासाला सांगत राहिली, इथे धर, आता सोड, ओढू नकोस, थांब. हात तोमासाचे होते, शहाणपण नेरेइदाचं. मूल जगलं. दानाईचं रक्त मात्र थांबेना. माणसांनी तिला झोळीत घालून पावसात खाली नेलं. ती वाचली. पण तिला पुन्हा मूल होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. "थोडं आधी पोहोचले असते तर?" असं नेरेइदा त्यांना विचारत राहिली.

मला घरी आणलं तेव्हा एवेलिओच्या हातात ती पट्टी होती. त्याने सगळं सांगितलं, कथलाचंही.

"मला का नाही सांगितलंस?" नेरेइदाने विचारलं. तिचा हात प्लास्टरमध्ये होता.

"तू नको म्हणाली असतीस."

"हो, म्हणाले असते."

"तुला रोज दमून आलेली बघवत नव्हतं गं मला."

"तुला बघवत नव्हतं," ती म्हणाली. "म्हणजे तू हे तुझ्यासाठी केलंस, एवेलिओ."

तो उठून अंगणात गेला. त्यानंतर कित्येक दिवस त्या घरात फक्त भांडी वाजायची.

सिओमाराचा फोन आला तेव्हा मी भिंतीला टेकून होते. नेरेइदाने या वेळी खोटं सांगितलं नाही. "सिओमारा, ती मोटर सपाटीची आहे गं. इथे चढ आहे."

पलीकडून सिओमारा म्हणाली, "मला वाटलं, तू समुद्राकाठी राहतेस."

"मी समुद्राकाठीच राहते. माझी माणसं वर राहतात."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तू इतक्या प्रेमाने पाठवलीस, कसं सांगणार?"

"वेडी आहेस तू," सिओमारा म्हणाली, आणि दोघी रडल्या.

योर्दानिसने माझ्या तारा नव्याने जोडल्या आणि कंट्रोलरवरचं कथील खरवडून काढलं. पुढे किन्तीन नावाच्या मासेविक्याने माझ्या बदल्यात आपली दातेरी मोटर नेरेइदाला दिली. तिचा हात थोडा वाकडाच जुळला. ब्रेक दाबताना तिला दोन्ही हात लावावे लागतात, म्हणून ती आता हळू जाते. एवेलिओ बरेचदा तिच्याबरोबर चढाच्या पायथ्यापर्यंत चालत जातो.

मी किन्तीनच्या तीनचाकीला जोडलेली आहे, समुद्राकाठच्या रस्त्यावर. माझ्या आसाला दोन्ही बाजूंनी पट्ट्या आहेत. इथे मी छान चालते. तरी पाऊस आला की, दानाईचं नाव कानावर आलं की, मला ते वळण दिसतं.

मित्रांनो, आम्ही यंत्रं तुम्हाला नाही म्हणू शकत नाही. तुम्ही जोर मागता, आम्ही तो देतो, मग आमचं काहीही होवो आणि तुमचं काहीही होवो. म्हणून कोणासाठी काही घ्याल तेव्हा आपल्या आठवणीतला रस्ता बघू नका. त्याला रोज कुठे जायचं आहे ते विचारा. जे काढाल ते परत लावा. आणि ज्याच्यासाठी करता त्याला सांगून करा. किन्तीन दर फेरीनंतर खाली वाकतो, तळहात माझ्या अंगावर ठेवतो आणि मी तापले असेन तर सावलीत थांबतो. "दम घे म्हातारे," म्हणतो, "मासे काही पळून जात नाहीत."