ताकदीचा रस्सा

"अहो, माझ्या पांढऱ्या गोळ्या दिसंनात कुठं," फळीवर हात फिरवत कस्तुरा म्हणाली.

"डॉक्टरनंच बंद केल्यात." ज्योतीरामनं बोकडाच्या पायाच्या रश्शाची वाटी तिच्यापुढं सरकवली. "ह्यो पी. ताकद येईल."

गोळ्या त्यानं सकाळीच चाळीमागच्या गटारात ओतल्या होत्या. चौऱ्याहत्तर सालची ही गोष्ट. पिंपरीच्या एका औषध कंपनीत पेनिसिलिनच्या बाटल्या भरता भरता तो स्वतःला अर्धा डॉक्टर समजू लागला होता. औषध म्हणजे जंतू मारणारं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि पुण्याचे डॉक्टर तर भलतंच सांगत होते.

"हिच्या अंगात जंतू नाहीतच. रोगाशी लढायला शरीरात राखणदार असतात, पिढ्यानपिढ्या तयार झालेले. हिचे राखणदार हिच्याच सांध्यांना, मूत्रपिंडाला परकं समजतायत. ही गोळी त्यांचा जोर कमी करते. मध्येच सोडू नका."

आजारी माणसाचा जोर कमी करायचा? हे काही त्याच्या गळी उतरेना. त्यात गोळ्यांनी कस्तुराचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं. शेजारच्या केसरबाई रोज टोकायच्या, "बाई फुगाया लागली की रं. बंद कर ते औषध." त्यानं बंद केलं. बिचाऱ्याचा जीव होता तिच्यावर.

सुरुवातीला बरं गेलं. मग ताप चढला, लघवीतून रक्त जाऊ लागलं. टेम्पोत घालून त्यानं तिला पुण्याला नेलं.

"गोळ्या कुणी बंद केल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

ज्योतीरामनं नजर वळवली. कस्तुरानं त्याच्याकडं पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

"म्याच टाकल्या," ती म्हणाली. "तोंड सुजलं व्हतं. लाज वाटायची."

"अहो बाई, नवऱ्याचा तरी विचार करायचा!" डॉक्टर तिच्यावर खेकसले. तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं. ज्योतीराम रश्शाचा डबा धरून शेजारीच उभा होता.

दुसऱ्या दिवशी ती गेली.

माती देऊन परतल्यावर केसरबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "लई केलंस रं तिचं. दुसऱ्या कुणी केलं नसतं."

ज्योतीरामनं मान डोलावली.

स्टोव्हवरच्या पातेल्यात उरलेल्या रश्शावर चरबीचा पांढरा थर धरला होता. "ह्यो नासला," केसरबाई म्हणाल्या. "मागं गटारात वतून येते."

"ऱ्हाऊ द्या, मावशी. मी वततो."

पातेलं घेऊन तो चाळीमागं गेला आणि गटाराच्या कडेला तसाच बसून राहिला.