शांताबाईंचे गाल मी पुसले

मी खोडरबर. पांढरा होतो, शिसपेन्सिलीच्या रेघा पुसून काळाकुट्ट झालोय. जन्माचं काही आठवत नाही. शुद्ध आली ती रायपूरजवळच्या सिलतऱ्याला, शालिग्रामभाऊंच्या टेबलावर. लोखंडाच्या कारखान्यात ते यंत्रांचे नकाशे काढायचे. रेघ केसभर सरकली की मला उचलायचे. माझाही तोरा काही कमी नव्हता.

निवृत्तीनंतर आम्ही नवा रायपूरच्या फ्लॅटमध्ये आलो. खाली हा रुंद रस्ता, त्यावर माणूस नाही. भाऊंना करमेना, म्हणून त्यांनी माणसांची चित्रं शिकायला घेतली. समोर बसायला कोण? त्यांची बायको, शांताबाई.

शेजारच्या इमारतीतली चित्रकलेची शिक्षिका रीना शिकवायला यायची. "अंकल, कंधे से हाथ चलाइए. पाँच मिनट में पूरी आंटी. बिगड़े तो दूसरा काग़ज़, रबर नहीं."

भाऊ मान डोलावून "हव" म्हणायचे, आणि तिची पाठ वळली की मला उचलायचे. दोन महिने एकच कागद. तिथंच आमचा घात झाला.

रोज तीच खुर्ची, तीच साडी, आणि रोज कालची रेघ चुकलेली.

"हलू नको ना, शांते."

"अवो, मी कुठं हलून राहिली? हातच चुकून राहिला तुमचा."

गाल बाहेर गेला म्हणून मी पुसायचो, भाऊ तो आत घ्यायचे. चार दिवसांनी तोही बाहेर. मग खांदा. मग मनगट. बांगडी कागदावर रेखलेल्या जागी राहीना, कोपराकडे सरके. आधी मला वाटलं, भाऊंचा हात म्हातारा झाला. पण तीस वर्षं त्या हाताखाली काम केलंय मी. तो इतका चुकणारा नाही. मग बदलत होतं ते खुर्चीतलं माणूस. आणि तोंड नाही, सांगणार कुणाला?

एके दिवशी रीनानं तो कागद खिडकीशी तिरपा धरला. पुसलेल्या रेघांचे वळ दिसत होते, एकाच्या आत एक. तिनं एकेका वळावरून बोट फिरवलं.

"अंकल, आपका हाथ ठीक है. आंटी को डॉक्टर को दिखाया?"

शांताबाईंनी पदर ओढून घेतला. "भूकच नाही लागून राहिली, दोन महिने झाले. तुम्ही चित्रात रमले होते. तुमाले काहून सांगू?"

तपासण्या झाल्या. आज त्यांना दवाखान्यात भरती करायचं होतं. गाडी यायला पाच मिनिटं होती. भाऊंनी नवा कागद लावला, मला उचललं आणि बाजूला ठेवून दिलं. खांद्यापासून हात फिरवला. नाक तिरपं आलं, एक हात अर्धाच राहिला. पण गळ्याची हाडं आणि सैल झालेला ब्लाऊज, सगळं होतं तसं.

शांताबाईंनी पाहिलं. "हे मीच आहो," म्हणाल्या. "अन् पहिल्या दिवशीची?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशीची ती भरल्या गालांची बाई माझ्या चुऱ्यात होती, आणि तो चुरा ते रोज फुंकर मारून उडवत होते.

गाडी गेली. घरात मी एकटा आहे. तुमच्या समोर कुणी बसलं असेल तर नाक तिरपं येऊ द्या, पण मला हात लावू नका. मला पुसता येतं, परत देता येत नाही.