सुटीत आलेली स्नेहल

शिकायला फिनलंडला गेलेली स्नेहल सुटीत ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी आली होती. शेजारच्या शर्मिष्ठाकाकू नेहमीसारख्या हाक न मारताच घरात शिरल्या, तशी ती उठून आतल्या खोलीत गेली.

आई मागोमाग आली. “काहून गं? त्या तुलेच भेटायले आल्या.”

“मले माणसं सहन नाही होत आता.”

तिकडच्या पहिल्या हिवाळ्यात तिनं शेजारणीला चिवडा नेऊन दिला होता. शेजारणीनं आभार मानून दार लावून घेतलं. स्नेहल खूप रडली होती. पुढं तीही जिन्यात कोणी नसेल तेव्हाच बाहेर पडू लागली.

“तिकडं राहून असं होत असेल, तं नको जाऊ परत,” आई म्हणाली.

“इथंही जीव रमत नाही, आई.”

 आई बाहेर काकूंकडे गेली.

“थकली असेल पोट्टी, झोपू द्या,” काकू म्हणाल्या, आणि दोघी हळू आवाजात बोलू लागल्या.