धाकटीचा पत्ता

दोघी जावा एकाच हॉस्पिटलच्या नोकरीत होत्या. थोरली तिथलं नेटवर्क सांभाळायची, धाकटी रेडिऑलॉजिस्ट. बाळ झाल्यापासून धाकटी घरूनच व्हीपीएनवर, म्हणजे इंटरनेटवरून हॉस्पिटलच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडून घेऊन, स्कॅन बघून रिपोर्ट द्यायची. सासूबाईंचं मग दिवसभर एकच पालुपद, "मांडीवर बाळ घेऊन डॉक्टरकी करते हो पोरगी!"

थोरली दमून घरी यायची ती हे ऐकायला. तिनं आपली मुलं पाळणाघरात ठेवून नोकरी केली होती. तेव्हा कुणाच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघाला नव्हता.

हॉस्पिटलात एक अडचण होती. व्हीपीएन दरवेळी जोडणाऱ्याच्या कॉम्प्युटरला नवा आयपी पत्ता द्यायचं आणि स्कॅनचा जुना सर्व्हर फक्त ओळखीच्या पत्त्यांनाच आत घ्यायचा. घरून काम करणारे डॉक्टर सारखे बाहेर फेकले जायचे. थोरलीनं नॅटचा, म्हणजे वाटेतच पत्ता बदलून देण्याचा, तोडगा काढला. डॉक्टर कुठल्याही पत्त्यावरून येवो, हॉस्पिटलच्या नेटवर्कच्या दारातलं यंत्र, गेटवे, लॉगिनवरून त्याला ओळखायचं आणि सर्व्हरकडे पाठवताना त्याचा पत्ता बदलून कायमचा, नेमून दिलेला पत्ता लावायचं. एकेक करत सगळ्या डॉक्टरांची सोय झाली. धाकटीची तेवढी राहिली.

"जाऊबाई, माझं कधी?"

"चाचणी चालू आहे गं. बघते."

एका दुपारी अपघातातल्या पेशंटचा स्कॅन बघता बघता धाकटी बाहेर फेकली गेली. हॉस्पिटलात हजर असलेल्या दुसऱ्या रेडिऑलॉजिस्टनं तो रिपोर्ट दिला आणि विभागप्रमुखांनी धाकटीला फोनवर चांगलंच झापलं. जेवताना तिचं तोंड एवढंसं झालं होतं. थोरलीला त्या दिवशी दोन घास जास्त गेले.

दुसऱ्या दिवशी धाकटी बाळाला कडेवर आणि लॅपटॉप काखेत घेऊन हॉस्पिटलात थोरलीच्या टेबलाशी हजर.

"माझ्याच लॅपटॉपमध्ये खोट असणार. बाकी सगळ्यांचं तर तुम्ही नीट केलंत. जरा बघता?"

बाळानं थोरलीच्या गळ्यातली ओळखपत्राची फीत मुठीत धरली, सोडेचना. थोरलीला मान वर करवेना. तिनं उगाच लॅपटॉप उघडून पाहिला, मग स्वतःच्या स्क्रीनवर गेटवेमध्ये धाकटीच्या नावाचा राहिलेला एक नियम घातला.

"जोड आता."

स्कॅन उघडला. धाकटीनं मुद्दाम तोडून पुन्हा जोडलं. व्हीपीएनचा पत्ता बदलला, तरी सर्व्हरनं आत घेतलं.

संध्याकाळी धाकटी घरभर सांगत सुटली, "जाऊबाईंनी चुटकीसरशी केलं!"

"चुटकीसरशी?" सासूबाईंनी विचारलं. "मग इतके दिवस का लागले?"

थोरलीच्या हातातलं ताट तसंच राहिलं. धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत सगळं कळल्याचं स्पष्ट दिसत होतं.

"आई, त्यांच्यामागे कामं काय कमी असतात का?" धाकटी म्हणाली आणि बाळाला भरवायला वळली.

"किती समजूतदार आहे बघ," सासूबाई थोरलीला म्हणाल्या.

थोरलीनं ताट ओट्यावर जरा जोरातच ठेवलं.