नुसतं तोंड हलव

या श्रोते हो, असे दाराशी उभे राहू नका. पुढे जागा आहे, शेगडीची धगही इथवरच पोचते. आज एका गाण्याची गोष्ट सांगायची आहे. गोड गळ्याच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्यात आपण. ही आहे एका बेसूर पोरीची, आणि तिला गप्प करणाऱ्या एका भल्या बाईची. भली म्हटलं ते टोमणा म्हणून नव्हे. जगात माणसं दुखावतात ती काही सगळी दुष्टांच्या हातून दुखावत नाहीत. निम्मं काम भली माणसंच करतात, आणि तेही हसतमुखाने.

आमच्या किनाऱ्यावरच्या गावात एक प्राथमिक शाळा आहे. बर्फ पडण्याआधी आभाळ गडगडायला लागतं आणि बंदरात लाटा भिंतीवर चढतात, त्या दिवसांत तिथे संगीत-दिन असतो. प्रत्येक वर्गाने व्यायामशाळेच्या रंगमंचावर एक गाणं म्हणायचं. बक्षीस वगैरे काही नाही. पण बक्षीस नसलं म्हणजे चुरस नसते असं कोण म्हणेल? आईबाप कॅमेरे घेऊन पुढच्या रांगेत बसतात, आणि दुसऱ्या दिवशी टोफूच्या दुकानात बोलणी होतात. "यंदा पाचवीचं काय सुरेख झालं! चौथीचं... हो, मुलं गोड दिसत होती." असं कुणी म्हटलं की चौथीच्या बाईंनी काय ते समजून घ्यायचं.

चौथीच्या बाई म्हणजे ओरिहारा बाई. नाव साचिए, पण ते फक्त घरात. बाई मेहनती, पोरांवर कधी ओरडत नसत. त्यांच्या वर्गात वाकाना नावाची मुलगी होती. बाप मासेमारीच्या बोटीवर, त्यामुळे घरात सगळेच वाऱ्यावर ओरडून बोलणारे. वाकानाचा आवाज मोठा, आणि सुराच्या थोडा खाली. एकदा खाली जाऊन बसला की नांगर टाकल्यासारखा तिथेच बसायचा. वर्गातला कोहेइ म्हणायचा, "वाकाना गायला लागली की बोटींना वाटतं धुकं पडलं, भोंगा वाजतोय!" सगळे हसायचे. वाकानाही हसायची आणि आणखी जोरात गायची.

यंदाचं गाणं नदीवरचं होतं. सराव सुरू झाला, आणि ओरिहारा बाईंच्या कानात तो खालचा सूर काट्यासारखा रुतून बसला. एका दुपारी त्यांनी वाकानाला पियानोशेजारी बोलावलं. खाली वाकून अगदी मायेने म्हणाल्या, "वाकाना, गाताना तुझं तोंड किती छान उघडतं गं. लांबूनही दिसतं. संगीत-दिनाला तू ते सगळ्यांना दाखव हं. आवाज नाही काढलास तरी चालेल. नुसतं तोंड हलव."

 वाकाना म्हणाली, "बरं."

एवढंच झालं. आवाज चढला नाही, कुणी रडलं नाही. बाईंना तर वाटलं, किती अलगद काटा काढला!

आता पुढे पाहा. वाकाना त्याच दुपारच्या सरावापासून नुसतं तोंड हलवू लागली. शाळा सुटण्याआधी वर्गाची छोटी सभा भरायची आमच्याकडे रीत आहे. मुलांनी आळीपाळीने उभं राहायचं, आज आपल्यामुळे वर्गाला काय अडचण झाली आणि उद्यापासून आपण काय सुधारणार ते सांगायचं. दुसऱ्याला त्रास होऊ नये, हे आमच्या पोरांना दुधाबरोबरच पाजलेलं असतं. त्या दिवशी सभा चालवायची पाळी शिओरीची होती. ही वर्गातली सगळ्यांत सुरेल मुलगी. तिने विचारलं, "आज कुणाला काही सांगायचंय?"

एक मुलगा उठला. "उंच स्वराला माझा आवाज फाटतो. वाकाना करते तसं उद्यापासून मीही नुसतं तोंड हलवीन."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या. काय समंजस पोरं, असं त्यांच्या मनात आलं!

दुसऱ्या दिवशी आणखी काही जण उठले. एकीला सर्दी होती. एकाला शब्द नीट पाठ नव्हते. एकजण म्हणाला, "माझा आवाज बरा आहे, पण शेजारचा गप्प असला की माझा एकट्याचाच ऐकू येतो. लाज वाटते." प्रत्येकाला टाळ्या मिळाल्या. दिवसागणिक एकेक दिवा मालवत गेला, आणि तो मालवणाऱ्यालाच शाबासकी!

मग रंगीत तालीम झाली. मुख्याध्यापक कादोता समोर खुर्ची घेऊन बसले. बाईंनी पियानो सुरू केला. मुलं ताठ उभी, सगळी तोंडं एकाच वेळी उघडत होती, एकाच वेळी मिटत होती. आणि आवाज येत होता शिओरीचा आणि तिच्या दोन मैत्रिणींचा. गाणं नदीचं, आणि पात्र कोरडं ठणठणीत!

गाणं संपलं. कादोता सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "ओरिहारा बाई, मुलं... फार शिस्तीत आहेत."

सर गेल्यावर बाई मुलांकडे वळल्या. "अरे, असं काय करता? मोठ्याने गा ना!"

 कोहेइने हात वर केला. "बाई, मोठ्याने गायचं ते ज्याचं चुकणार नाही त्यानेच ना? मग आधी गाऊन पाहिल्याशिवाय मला कळणार कसं, की माझं चुकणार नाही?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "चला, जेवणाची वेळ झाली."

पाळी असलेली मुलं पांढऱ्या टोप्या घालून जेवण वाढायला लागली. ताटं मांडली, आणि सगळ्यांनी हात जोडून अन्नाला म्हणायचे ते शब्द म्हटले. बाईंची नजर वाकानाकडे गेली. तिचे हात जोडलेले होते, ओठ हलत होते, आवाज नव्हता. बाईंना मग आठवायला लागलं. सकाळी हजेरीलाही तिचं 'हजर' ऐकू आलं नव्हतं, फक्त हात दिसला होता. धडा वाचायला उभं केलं तेव्हाही पहिल्या बाकाच्या पलीकडे काही पोचलं नव्हतं. सांगितलं होतं गाण्यापुरतं. पोरीने ते सगळ्यालाच लावून घेतलं.

त्याच दुपारी वाकानाची आई शाळेत आली. हातात लाल सारणाच्या मिठाईचा डबा. बाईंना पाहताच कमरेत वाकली ती वाकलेलीच राहिली.

"बाई, आमच्या पोरीच्या आवाजाने वर्गाला फार त्रास झाला. माफी मागायला आलेय."

"अहो, नाही हो! उठा, उठा. त्रास कसला?"

"नाही कसा? तिनेच सांगितलं. म्हणते, आई, आता कुणाला त्रास नाही होणार, मी गप्प राहायला शिकले." आई हसली, पण ते हसू ओठांवर टिकेना. "शिकलीय खरी. घरातपण कुजबुजतेच. ताप नाही, दुखत-खुपत नाही. बोट बंदरात लागली की खिडकीतून बापाला हाक मारायची, ती बंद झालीय. बाप विचारतो, पोरगी कुठे गेलीय का? बस, एवढंच. तक्रार नाही हो काही. डबा ठेवून घ्या."

शाळेत भेटी घेत नाहीत, म्हणून बाईंनी डबा परत केला. पण आईने मागितलेली ती माफी कशी परत करायची? ती त्यांच्याजवळच राहिली.

मग रविवार आला. मठात शरदातला मोठा उत्सव होता आणि सासूबाई किनुए सकाळपासून मागे लागल्या होत्या. "साचिए, चल. तोंड बघ तुझं, आंबलेल्या मुळ्यासारखं झालंय. एन्शोबुवांचं प्रवचन ऐक, दोन घास खा, बरं वाटेल."

एन्शोबुवांचं प्रवचन म्हणजे गाऊन सांगितलेलं प्रवचन. कथा सांगता सांगता बोलणं कधी सुरावर चढतं ते कळतच नाही. त्या दिवशी बुवांनी नावेची कथा लावली होती. कथा रंगात आली, बुवांनी डोळे मिटले आणि आवाज उचलला:

*पोहता येवो न येवो कुणा, नाव कुणाला पुसत नाही,*
*भार जयाचा अधिक, त्याला मधली जागा देत राही.*

ओळ संपली आणि सभेतून अमिदा बुद्धाच्या नामाचा गजर उठला, "नामु अमिदा बुत्सु, नामु अमिदा बुत्सु." कुणी खर्जात, कुणी नाकात, कुणी दातांच्या फटींतून. असा सरमिसळ गजर की अंगावर काटा यावा! तो विरला, शांत झालं, बुवा पुढची ओळ घेणार तोच कोपऱ्यातून एकटाच आवाज आला, "नामु अमिदा बुत्सु!" ते तोकुजी आजोबा होते. कानाने ठार बहिरे. शेजाऱ्याचे ओठ थांबले की त्यांचं सुरू व्हायचं. दर वेळी मागाहून, दर वेळी जोरात. सभेत कुणी मान वळवून पाहत नव्हतं. बुवा त्यांचं होईपर्यंत थांबायचे आणि मगच पुढची ओळ घ्यायचे.

नंतर पंगत बसली. लाल चवळ्यांची उसळ आणि उकडलेल्या मुळ्याची फोड पानात पडली. बुवा या सासू-सुनेच्याच ओळीत येऊन बसले. ओरिहारा बाईंना राहवेना.

"बुवा, एक विचारू? तुमचा एवढा रंग चढतो, आणि ते आजोबा मागाहून... त्यांना कुणी सांगत नाही?"

"काय सांगायचं?"

"की मनातल्या मनात म्हणा."

किनुएबाई फिसकन हसल्या. "अगं, त्याला सांगितलं तर त्याला ऐकू जाणार कुठून!"

पंगत हसली. बुवाही हसले, आणि मग म्हणाले, "बरं, समज सांगितलं. चिठ्ठी लिहून दाखवली. तोकुजीदादा गप्प झाले. उद्या त्यांची शेजारीण म्हणेल, माझाही घसा बसलाय, मी कशाला गजर बिघडवू? परवा ही तुझी सासू..."

"माझा आवाज काही वाईट नाही हं, बुवा!"

"छे, वाईट कुठे? पितळी पातेलं पडल्यासारखा खणखणीत आहे. तर तीही गप्प. शेवटी उरलो मी एकटा. मी सुरात गाणार आणि तुम्ही मला बघणार. मग हा मठ कशाला म्हणायचा? नाटकगृह म्हणा!"

बाईंच्या हातातल्या जेवणाच्या काड्या थांबल्या. बुवांनी गमतीने जे सांगितलं होतं, ते त्यांच्या वर्गात ओळीने घडलं होतं! मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. वाकाना, सभा, टाळ्या, आईची माफी, सगळं. शेवटी म्हणाल्या, "बुवा, मी रागावले नाही हो तिला. मायेने सांगितलं. सगळ्यांना त्रास होऊ नये म्हणून."

"मुलं तुझ्याकडे कशाला येतात?"

"शिकायला."

"मग ज्याला येत नाही तोच येणार ना? दवाखान्याच्या दारावर पाटी लावलीस, आजाऱ्यांना मज्जाव!" बुवांचा आवाज जरा खाली आला. "आणि त्रास, त्रास काय करतेस? रांगतं पोर त्रास देतं, म्हातारा त्रास देतो. उद्या तू आजारी पडशील, तूही देशील. एकमेकांचा थोडा त्रास सोसत जी माणसं एकत्र राहतात त्यांनाच गाव म्हणतात, बाई. कुणाचाच कुणाला त्रास नाही, अशी जागा म्हणजे मसणवट."

 किनुएबाईंनी हळूच सुनेच्या पानात मुळ्याची आणखी एक फोड वाढली.

"पण आता मुलांना सांगू कसं?" बाई म्हणाल्या. "मी त्यांची शिक्षिका आहे."

"म्हणूनच सांग. चुकल्यावर काय करायचं, हा धडा त्यांना दुसरं कोण शिकवणार?"

सोमवारी सकाळी हजेरीच्या आधी ओरिहारा बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि मुलांपुढे वाकल्या. मुलं गोंधळली. दोघं-तिघं घाईघाईने उठून उलट वाकली.

"मी चुकले," बाई म्हणाल्या. "तुम्ही गप्प राहायचं ठरवलंत तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. वाजवायला नको होत्या. आणि त्याची सुरुवात माझ्यापासून झाली." त्या वाकानाच्या बाकाशी गेल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. "वाकाना, तुझं तोंड छान दिसतं म्हणून मी तसं सांगितलं नव्हतं. आपला वर्ग वाईट दिसेल याची मला भीती वाटली. तुझा आवाज नको, असं मी तुला म्हटलं. ते चूक होतं. मला माफ कर."

वाकानाने मान हलवली. बोलली नाही.

कोहेइ म्हणाला, "बाई, म्हणजे आता बेसूर चालेल?"

"चालेल."

"मुद्दाम केलं तर?"

"मुद्दाम केलंस तर मला कळेल, आणि मग तुला माझ्या शेजारी उभं राहून एकट्याने गावं लागेल."

वर्ग हसला. ते हसू ऐकून बाईंना किती दिवसांनी श्वास घेतल्यासारखं वाटलं! मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली. पियानोवर गाण्याची पट्टी खाली उतरवली, वाकानाचा आवाज जिथे बसतो त्याच्याजवळ. शिओरीने कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, मला एवढं खाली उतरायला त्रास होतो."

"होऊ दे," बाई म्हणाल्या. "थोडा तू सोस."

शिओरी खाली उतरली. कोहेइ गायला लागला, सर्दीवाली गायला लागली. वाकाना मात्र ना त्या दिवशी गायली, ना पुढच्या. बाई रोज पियानोवर तिचा सूर हलकेच वाजवून ठेवायच्या, तिच्याकडे न पाहता. मागून घेतलेली माफी म्हणजे काही फेडलेली चूक नव्हे, हे त्यांना आता कळलं होतं.

संगीत-दिन आला. बाहेर गडगडत होतं, व्यायामशाळेत माणसं दाटीने बसली होती. चौथीचं गाणं सुरू झालं. पहिल्या कडव्यात बाईंनी पियानोवरून पाहिलं. वाकानाचे ओठ हलत होते, नुसते ओठ. पण बाईंनी मान फिरवून मुलीला खूण केली नाही, डोळे मोठे केले नाहीत. दुसरं कडवं आलं. एका ओळीच्या मध्यावर, उशिराने, सुराच्या थोडा खाली, एक मोठा आवाज उठला!

गाणं डळमळलं. शिओरीने एकदा बाजूला पाहिलं आणि आपला आवाज त्या आवाजाला टेकवला. कोहेइचे दात दिसायला लागले. मागच्या रांगेतली पोरं सावरली, आणि डोलत-ठेचकाळत सगळा वर्ग शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन पोचला. टाळ्या बऱ्या पडल्या. पाचवीला जास्त पडल्या. गर्दीत वाकानाची आई रुमालात तोंड लपवून बसली होती, तिला त्या टाळ्यांचं काही नव्हतं.

श्रोते हो, या गोष्टीचं सार सांगायला पंडित नको. शाळा, घर, कचेरी, कुठेही असो, नीटनेटकेपणा राखण्यासाठी ज्याला आपण 'तू जरा गप्प राहा' म्हणतो, तो एकटा गप्प होत नाही. त्याच्यामागून एकेक जण गप्प होतो, आणि शेवटी जे उरतं ते सुरेल असतं, पण आपलं नसतं. कच्चा सूर सुधारतो तो गाता गाता. दाबून ठेवलेला कधीच सुधारत नाही.

निघण्याआधी एक मागणं आहे. वाकानाला तुम्ही विसरणार नाही, ते ठाऊक आहे. दुखावलेलं लेकरू कुणाच्याही ध्यानात राहतं. पण तुमच्याहून लहान कुणापुढे 'मी चुकलो' म्हणायची वेळ आली, आणि वय, मान, पदवी सगळी मिळून तुमची जीभ धरून बसली, तर त्या वेळी गुडघ्यांवर बसलेल्या ओरिहारा बाईंची आठवण करा.