तेल निवडणारा हात

रविवारी नऊच्या आत सभागृहातल्या खुर्च्या भरल्या, साडेनऊला भिंतीकडेच्या पायऱ्या भरल्या, आणि दहाला सुगंधगुरू आले तेव्हा माणसं खिडक्यांत बसली होती. कुणाची कंबर, कुणाचे गुडघे, कुणाची हरवलेली झोप. दुखणी सगळी एकमेकांच्या ओळखीची निघाली आणि रांगेतच त्यांच्या गप्पा रंगल्या.

व्यासपीठावर पांढऱ्या कापडावर एकवीस बाटल्या, करंगळीएवढ्या. लॅव्हेंडर, निलगिरी, पुदिना, गुलाब, संत्र्याची साल. गुरूंनी डोळे मिटले.

"माणूस तेल निवडत नाही," ते म्हणाले. "तेल माणूस निवडतं. नाकात गंध, अंगात छंद..."

"रोगाचं दार कायमचं बंद," सभागृहाने पुरं केलं.

माझ्या शेजारी दाजी बसले होते, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तीस वर्षं ते लोकांच्या घरांना दारं बसवतात. ते हळूच म्हणाले, "दाराचं काम होतं तर मला बोलवायचं."

आधी पोस्टमन वर गेला. डाव्या हातात पुदिन्याची बाटली, उजवा हात खांद्याच्या रेषेत बाजूला ताठ. गुरूंनी त्या हातावर दोन बोटं टेकवली. हात खाली आला. "हे तुमचं नव्हे." निलगिरी दिली. हात पुन्हा खाली. मग गुलाब. "आता धरून ठेवा," असं म्हणून गुरूंनी जोर लावला, आणि हात तुळईसारखा जागच्या जागी. सभागृहाने एकच उसासा सोडला. पोस्टमन स्वतःच्या हाताकडे बघत राहिला, जणू तो आत्ताच टपालाने आला होता.

पोस्टमननंतर ताईची पाळी होती. ती रांगेतली नव्हती. ती साक्षीदार होती, बरी झालेली.

ताईला आठ वर्षं रक्तदाबाची गोळी आहे. तीन आठवड्यांपूर्वी गुरूंनी तिच्या डाव्या हातात गोळ्यांचं पाकीट ठेवलं आणि उजवा हात दाबला. हात खाली आला. "बघा, शरीरच नको म्हणतंय," गुरू म्हणाले. गोळी बंद झाली आणि मानेला, छातीला लॅव्हेंडर सुरू झालं. मला हे या रविवारी सकाळी, सभागृहाच्या जिन्यात कळलं.

मी इस्पितळात मालिश करते. दिवसाला दहा-बारा माणसं हाताखालून जातात. सुगंधी तेलं मीही वापरते. वासाने माणूस सैल होतो, सैल झाला की स्नायू ऐकतात. त्याने रक्तदाबाची गोळी सुटते असं मी एकवीस वर्षांत पाहिलं नाही. जिन्यात मी ताईला तसं सांगितलं.

"तुझ्या हाताला यश आहे म्हणतात सगळे," ताई म्हणाली. "माझ्या खांद्याला तुझा हात शेवटचा कधी लागला गं? जगाचे खांदे चोळतेस. हा माणूस निदान विचारतो तरी, कुठे दुखतंय म्हणून."

मी जाऊन दाजींच्या शेजारी बसले.

पोस्टमन उतरत होता तेव्हा दाजींनी मला कोपराने ढोसलं. "बोटं बघितलीस का? पुदिन्याच्या वेळी मनगटावर. गुलाबाच्या वेळी कोपराच्याही अलीकडे, खांद्याकडे."

"मग?"

"मग काय? दार कडीपाशी ढकल, करंगळीने सरकतं. बिजागरीपाशी ढकल, घाम फुटेल. खांदा ही बिजागरी. वर गुलाबाच्या वेळी 'धरून ठेवा' म्हणून आधी सांगितलं. पुदिन्याला सांगितलं नव्हतं."

एवढ्यात ताई व्यासपीठावर पोचली. गुरूंनी लोकांना तिची गोष्ट सांगितली, तिच्या डाव्या हातात लॅव्हेंडरची बाटली दिली. "धरून ठेवा, ताई." त्यांनी दोन बोटांनी दाबलं. हात खाली आला.

गुरूंच्या कपाळावर एक आठी उमटली आणि लगेच पुसली गेली. "आज अंग दुसरा गंध मागतंय," ते म्हणाले. संत्र्याची साल दिली. हात खाली. गुलाब दिला. हात खाली. लोक खूश होते. इतकं चोखंदळ अंग त्यांनी पाहिलं नव्हतं.

दाजी उभे राहिले. "तो बिजागरीपाशीच दाबतोय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आणि तरी हात पडतोय."

व्यासपीठाच्या पायऱ्या मी कधी चढले ते आठवत नाही. "ताई, बाटली ठेव. दोन्ही हात पुढे कर. डोळे मीट."

दोन हात पुढे आले. डावा राहिला. उजवा कुणीही न दाबता सावकाश उतरत गेला, तळवा वळत वळत, दिवसभराचं काम संपवून निघालेल्या माणसासारखा.

"हस बरं थोडं."

अर्धं तोंड हसलं.

"नाव सांग तुझं." तिने सांगितलं, पण त्यातली निम्मी अक्षरं वाटेतच सांडली.

"घाबरायचं कारण नाही," गुरू लोकांना म्हणाले. "विष बाहेर पडतंय. अर्धा तास आडवं करा, तळपायाला पुदिना लावू."

दाजींनी ताईला उचलून खांद्याशी धरलं. "बाजूला व्हा," ते म्हणाले, आवाज न चढवता. लोक बाजूला झाले. पोस्टमनने टपालाची गाडी दाराशी लावली आणि पोत्यांच्या मधोमध जागा केली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न होता, "किती वाजता सुरू झालं?"

"साडेदहाला," दाजी म्हणाले. "पहिल्या बाटलीला."

बाईंनी साडेदहा लिहून घेतलं. बाटलीचं लिहिलं नाही. तपासणी झाली. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होती. ती विरघळवायचं औषध पहिल्या काही तासांतच देता येतं, नंतर नाही, आणि आमचे तास अजून शिल्लक होते.

"गोळी का थांबवली?" बाईंनी विचारलं.

"हाताने नको म्हटलं," दाजी म्हणाले.

ताई वाचली. चालायला लागली, बोलायलाही. ती शिवणकाम करते. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट सुईवर मात्र अजून नीट मिटत नाही. रोज संध्याकाळी मी तिच्याकडे जाते, तो हात मांडीवर घेते, एकेक बोट उघडते आणि मिटते. खांदाही चोळते. उशिरा का होईना.

दीड महिन्याने, पुन्हा रविवारी, दाजी एक फळी घेऊन सभागृहात गेले, मागोमाग ताई आणि मी. फळी बिजागरीने एका सुट्या खांबाला जोडली होती, आडवी, मागे तणावाला स्प्रिंग. त्यांनी ती रांगेच्या तोंडाशी उभी केली. बाया, बाप्ये, सगळे दाबून बघू लागले. टोकाला दाबलं की फळी मुकाट खाली. बिजागरीपाशी दाबलं की हलेना.

"पण आमचे गुरुजी फळी नाही दाबत, माणूस दाबतात," एक आजोबा म्हणाले.

"खरं आहे," दाजी म्हणाले. "मग माणसावरच बघू. बाटल्या कागदात गुंडाळायच्या, आकडे घालायचे. कुठली कुठे ते गुरुजींना कळणार नाही, आपल्यालाही नाही. वासही येता कामा नये."

"गंधाला संशय सहन होत नाही," गुरू म्हणाले.

"मग रोग कसा सहन होणार?" पोस्टमन म्हणाला. गुंडाळायचं काम त्यानेच घेतलं. पुडकी बांधण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. आतल्या खोलीत जाऊन त्याने सहा पुडकी बांधली, वर लाख लावली, आणि कुठल्या आकड्यात काय ते लिहून चिठ्ठी खिशात घातली. बाहेर आणून ती मांडली आणि हात पुढे केला तो एका म्हातारीने, कारण पोस्टमनला उत्तरं माहीत होती.

रांगेने नाही म्हणू दिलं नसतं, तेव्हा गुरूंनी दाबलं. एक, हात खाली. दोन, खाली. तीन, खाली. चौथ्याला बोटं कोपराच्या अलीकडे सरकली, हात तुळईसारखा राहिला. "हाच. हाच तुमचा गंध, आजी."

पोस्टमनने पुडकं सोडलं. आत सभागृहाच्या नळाचं पाणी होतं. आजीने हुंगून पाहिलं आणि बाटली पुढच्या माणसाकडे दिली. ती शेवटच्या रांगेपर्यंत फिरून आली. तोवर गुरूंनी कापडाची चार टोकं जुळवली होती.

लोकांनी मग मला घेरलं. आता आम्ही तेल निवडायचं कसं?

मी म्हटलं, नाकाने. जो वास आवडतो तो. अर्क कधी नुसता अंगाला लावू नका. चमचाभर साध्या तेलात दोन थेंब पुरे. आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. लिंबाचा अर्क लावून उन्हात जाल तर कातडी भाजेल. तान्ह्या मुलांना पुदिना, निलगिरी नको. गरोदर बाईने डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीच नको. एवढं पाळलंत तर मालिशने बरं वाटेल. बरं वाटणं ही लहान गोष्ट नाही. पण बरं वाटणं निराळं आणि बरं होणं निराळं.

ताई मागे खुर्चीवर बसली होती. ती उठली. ती शब्द एकेक उचलून ठेवत बोलली.

"त्यांनी मला प्रेमाने विचारलं. ते मला हवं होतं. मी... विचारण्याला औषध समजले." ती थांबली, दम घेतला. "कुणी प्रेमाने विचारलं तर सांगा सगळं. रडा. पण तो म्हणाला गोळी सोड, तर त्याला विचारा, कशावरून. दुसऱ्याला विचारा. डॉक्टरला विचारा. हाताला नका विचारू. हाताला काय कळतं?"

मग ती पहिल्या ओळीतल्या आजोबांकडे वळली, ज्यांची फळीवर श्रद्धा बसली नव्हती.

"तुमची आजची गोळी घेतलीत?"

आजोबांनी सदऱ्याचा खिसा चाचपला. पाकीट तिथेच होतं, तीन आठवड्यांचं, न फोडलेलं. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला.

"थांबा," मी म्हटलं. "इतक्या दिवसांनी आपल्या मनाने नको. इस्पितळ दहा मिनिटांवर आहे. आधी दाब मोजून घेऊ."

आजोबांनी पाकीट पुन्हा खिशात ठेवलं आणि काठी उचलली. त्यांच्यामागून आणखी चौघंजण उठले.