आक्कांसाठी बसवलेला टेप

मी टेप बोलतोय. दिंद्रुडच्या बसवराज भांडीवाल्यांच्या पांढऱ्या गाडीत, स्टिअरिंगच्या डाव्या हाताला बसलेला. खरं सांगायचं तर माझ्या पोटात कॅसेट घालायला जागाच नाही. पेनड्राइव्हपुरतं एक छिद्र, फोन जोडायची सोय आणि चार बटणं, एवढाच माझा संसार. पण आमच्या भागात गाडीत जे गातं त्याला टेपच म्हणतात, म्हणून मीही ते नाव निमूटपणे घेतलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. खोक्यावरचं नाव एखाद्या मोठ्या कंपनीसारखं दिसावं अशा बेताने छापलेलं होतं. यावरून माझं खानदान तुमच्या लक्षात येईल. गेवराईला हायवेच्या कडेला आदिनाथचं दुकान आहे. सीटची कव्हरं, हॉर्न, बल्ब आणि आम्ही. वरच्या फळीवर मोठ्या पडद्यांचे, चकचकीत टेप असायचे. गिऱ्हाईक आलं की आधी त्यांच्याकडे बघायचं, किंमत विचारायचं आणि मग हळूहळू नजर खाली आणायचं. मी खालच्या फळीवर. माझ्या भावंडांची विक्री नेहमी अशीच झाली.

बसवराज मालक आले ते मात्र पहिल्यापासून खालीच बघत आले. पिढीजात भांड्यांचं दुकान, त्यामुळे वस्तू हातात घेतली की तिचं वजन करायचं आणि बोटाच्या पेरानं ठोकून बघायचं ही त्यांची सवय. त्यांनी मला उचललं, हेलकावा दिला आणि टकटक केलं.

"लई हलका हाय की," ते म्हणाले.

आदिनाथ हसला. "मालक, ही काय पितळेची घागर हाय व्हय, वजनावर घ्यायला? ह्याचं काम आवाजाचं."

"मग आवाज दाव."

त्यानं मला तारा जोडून वाजवून दाखवलं. मालकांनी डोळे मिटून ऐकलं. मग शेजारचा, माझ्याहून स्वस्त असलेला टेप ऐकला. त्याला फोन जोडायची सोय नव्हती. मालकांचा हात त्याच्याकडेच वळत होता, हे मी बघत होतो. तेवढ्यात आदिनाथ म्हणाला, "ह्याच्यात फोन आला तर आपोआप उचलला जातो. तुमी निस्तं बोलायचं. हात लावायचं काम न्हाई."

या एका वाक्यावर माझं नशीब ठरलं. कारण मालक पन्नाशीत गाडी शिकलेले. गाडी चालवताना फोन वाजला की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. उचलावा तर हात सुटतो, न उचलावा तर दुकानाचं काय झालं ही काळजी. त्यांनी मला घ्यायचं ठरवलं आणि स्पीकरवर हात आखडता घेतला. पुढच्या दोन दारांत दोन, बास. मागं कोण बसतंय?

आदिनाथनं डॅशबोर्ड उघडला. आधीच्या मालकानं गाडी विकताना आपला टेप काढून नेलेला, तिथं नुसत्या तारा लोंबत होत्या. त्यानं रंग बघून तारा जुळवल्या, काळी पट्टी गुंडाळली आणि मला खाचेत दाबून बसवलं. मला घर मिळालं. त्या दिवशी मी इतका खूश होतो की पहिलंच गाणं जरा बेसूर लागलं.

आता गाडी का घेतली ते सांगतो. मालकांना एकच थोरली बहीण, नीलाबाई. सगळे त्यांना आक्का म्हणतात. आई लवकर गेल्यावर मालकांना त्यांनीच वाढवलं. लग्न होऊन त्या कड्याला गेल्या, पण नागपंचमीला माहेरी यायचं कधी चुकवलं नाही. यष्टीनं यायच्या, बीडला बदलायच्या. गाडी यायच्या आदल्या साली बीडच्या स्टँडवर चढताना त्यांचा गुडघा दुमडला आणि त्या पायरीवरच बसल्या. ते ऐकून मालकांनी गाडीचं मनावर घेतलं.

मालकीणबाईंचं, म्हणजे रुद्राणीबाईंचं, यावर म्हणणं होतं. गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा त्या आत बसून म्हणाल्या, "माझं म्हायेर वडवणीला, हितून जवळ. ईस वर्सं म्हनतीया, एकदा गाडी करून न्या. आन् बहिणीचा गुडघा दुखला की लगीच गाडी आली."

"तुला बी नेतो की," मालक म्हणाले.

"दुकानात कोन बसंल?"

 मालकांनी माझा आवाज वाढवला. माणसं असं फार वेळा करतात. बोलायचं सुचलं नाही की बटण फिरवतात, आणि मी आपला बिचारा गात बसतो.

पंचमीच्या आधी मालक आक्कांना आणायला कड्याला गेले. त्यासाठी मोबाइलच्या दुकानातून पेनड्राइव्ह भरून घेतला होता. महादेवाची भजनं, पंचमीची झोक्यावरची गाणी, आक्कांच्या आवडीचं सगळं. आक्का मागच्या सीटवर पाय लांब करून बसल्या. आष्टी मागं पडली तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसेना.

"आक्का, गाणं कसं हाय?"

"कंचं गाणं?"

आक्कांना जरा कमी ऐकू येतं. पुढच्या दारातला आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. मालकांनी मला पूर्ण मोठं केलं तर स्वतःचेच कान बसायला लागले. आक्का हसून म्हणाल्या, "बसू, तुजा टेप माज्यासारकाच झालाय. बोलतो, पर कुनाला कळत न्हाई." मालकही हसले, पण त्यांना ते लागलं.

आक्का माहेरी असतानाच ते एक दिवस गेवराईला जाऊन आले. नवे स्पीकर घेण्याची ऐपत उरली नव्हती, म्हणून आदिनाथनं दुसऱ्या गाडीतून काढलेले दोन गोल स्पीकर स्वस्तात दिले. मागच्या सीटच्या मागं फळी कापून त्यानं ते बसवले, बसणाऱ्याच्या बरोब्बर कानाशी. एक थोडा खरखरायचा. मालक स्वतः मागं बसले, गाणं ऐकलं आणि म्हणाले, "हां. आता आक्काला ऐकू जाईल."

पंधरवडा संपला. आक्कांना पोचवायला गाडी निघाली तेव्हा रुद्राणीबाई दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांना वडवणीपर्यंत यायचं होतं, पण तो बाजाराचा दिवस. दुकान बंद ठेवून चालणार नव्हतं. त्यांनी आक्कांना वाकून नमस्कार केला, डबा दिला. डोळ्यांत पाणीही होतं. ते खोटं नव्हतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

काय प्रवास होता तो! माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा. पहिल्याच भजनाला आक्का दचकल्या, मागं वळून स्पीकरला हात लावला आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "बसू, आरं, कानातच गातंय की!" मग त्या टाळ्या वाजवत माझ्याबरोबर म्हणायला लागल्या. वडवणी आली तेव्हा थांबून म्हणाल्या, "रुद्राणीला आनतोस का रे हितं? लई राबती ती पोरगी. माजं करून तिची कंबर मोडली आसंल." मालक म्हणाले, "आनतो." बीडला कंकालेश्वराचं दर्शन झालं. आक्का पायऱ्या सावकाश उतरल्या, सावकाश चढल्या, त्यामुळे बराच उशीर झाला. एरवी या वेळेपर्यंत मालक कड्याला पोचून चहा पीत बसलेले असते.

बीड सोडलं. आक्का म्हणाल्या, "वाढव रे जरा." मालकांनी आवाज वाढवला.

आणि फोन आला. गाणं थांबलं. मी तो आपोआप उचलला, कारण मला तसंच शिकवलेलं. रुद्राणीबाईंचा आवाज चारही बाजूंनी गाडीत भरला.

"सोडलं का हो एकदाचं? सुटले बाई! पंधरा दिस निस्तं हे आसं न्हाई, ते तसं न्हाई. त्यांची गोधडी दोनदा धुतली, त्या गुडघ्याच्या तेलाचा वास जाता जात न्हाई. खोली उघडी टाकलीया सगळी. आता फुडल्या पंचमीला काय तरी निमित सांगा त्यांला. माज्यानं न्हाई व्हायचं."

मालकांचा हात माझ्यावर आला. त्यांना फोन तोडायचं बटण माहीतच नव्हतं. आदिनाथनं उचलायचं शिकवलं होतं, तोडायचं शिकवलं नव्हतं. ते नुसते "हां... हां... ठेव," म्हणत राहिले.

"ठेवते, गिऱ्हाईक आलंय," म्हणून त्यांनीच फोन ठेवला. आणि मी, दळभद्री, जिथं गाणं थांबलं होतं तिथूनच, त्याच मोठ्या आवाजात परत गायला लागलो.

मालकांनी मला बंद केलं.  गाडी रस्त्याच्या मधूनच चालली होती. समोरून ट्रक आला.

"बसू," आक्का म्हणाल्या, "म्होरं बघून चालव."

थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "गानं कावून बंद केलं? लाव की."

मालकांनी गाणं लावलं. यावेळी त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. पदर गुडघ्यांवर ओढून घेऊन खिडकीकडे सरकून बसल्या होत्या. तेलाचा वास आपल्यापाशीच राहावा, अशा. मला तेव्हा वाटलं, आपली एखादी तार तुटावी. पण आदिनाथनं काम पक्कं केलं होतं.

कड्याला उतरताना मालक रडकुंडीला आले. "आक्का, ती मनानं तशी न्हाई गं..."

"मला ठावं हाय. दमली म्हंजी मानूस बोलतंय. मी बी सासूला लई बोललेय, तिच्या माघारी." आक्कांनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "पर तिला हे सांगू नगंस. तिला जलमभर तोंड वर करता यायचं न्हाई. माज्या गळ्याची शप्पत हाय तुला."

मालकांनी शपथ पाळली. तिथंच सगळं बिघडलं.

दिवाळीला आक्का आल्या नाहीत. थंडी सोसत नाही म्हणाल्या. पुढं एक लग्न झालं, त्यालाही नाही. मालकांनी शेवटी रुद्राणीबाईंना वडवणीला नेलं, पण त्या मागच्या सीटवर न बसता पुढं बसल्या आणि वाटभर एकच विचारत राहिल्या. "वन्सं कावून येईनात हो? माजं काय चुकलं का? फोनवर तर गोड बोलत्यात." मालक रस्त्याकडे बघत म्हणाले, "गुडघे दुखत्यात तिचे."  रुद्राणीबाई म्हणाल्या, "घर खायला उठतंय त्यांच्याबिगर. कुनी चुका काढायला बी न्हाई." हे आक्कांनी ऐकायला हवं होतं. पण चुकीची वाक्यं पोचवायला मी असतो, आणि बरोबर वाक्यं गाडीतच विरून जातात.

यंदा पंचमी आली. रुद्राणीबाईंनी मालकांना बळंच कड्याला धाडलं. "उचलून आना, पर आना. पुरनाची दिंडं करून ठिवते, त्यांच्या हातची सर यायची न्हाई, पर करते."

आक्का दारातच भेटल्या. वर्षात खूप वाळल्या होत्या. चहा झाला, रुद्राणीबाईंची चौकशी झाली, त्यांच्यासाठी खण आणि बांगड्या काढून ठेवलेल्या होत्या. पण निघायचं नाव काढलं की गुडघ्यांवर हात ठेवून मान हलवायच्या. मालक हरले. खणाची पिशवी घेऊन गाडीपाशी आले. आक्का मागोमाग आल्या, मागचं दार उघडलं आणि आत बसल्या.

मालकांचा चेहरा उजळला. धावत जाऊन त्यांनी किल्ली फिरवली.

"गाडी नगं. निस्तं गानं लाव," आक्का म्हणाल्या.

अंगणात उभ्या गाडीत मी गायलो. झोक्यावरची गाणी, ओळीनं सगळी. आक्कांनी डोळे मिटून घेतले होते. ओठ हलत होते. मालक पुढं बसून रस्त्याकडे बघत होते, जणू गाडी चालूच आहे. शेवटचं गाणं संपलं तशा आक्का दार धरून खाली उतरल्या.

"झालं बग माजं म्हायेर. जा आता, जपून जा," त्या म्हणाल्या.

दिंद्रुडला गाडी पोचली तेव्हा रुद्राणीबाई वाट बघत होत्या. मालकांना काही विचारायच्या आधी त्यांनी मागचं दार उघडलं, आधार द्यायला हात पुढं केला. सीटवर खणाची पिशवी होती.

आज मी तसा धडधाकट आहे. मागचा एक स्पीकर खरखरतो, दुसरा नीट आहे. मला कुणी वाजवत मात्र नाही. मालक गाडीत बसले की मुकाट्यानं जातात, मुकाट्यानं येतात. फोन आला तर गाडी बाजूला घेऊन खाली उतरून बोलतात.

मालक, मला काढून आदिनाथच्या खालच्या फळीवर परत ठेवा, मला चालेल. पण एक ऐका. ती शपथ मोडा. रुद्राणीबाईंची मान खाली जाईल, चार दिवस त्या रडतील, तुमच्याशी बोलणार नाहीत. मग स्वतःच या गाडीत येऊन बसतील आणि म्हणतील, चला कड्याला. त्यांना मी तुमच्याइतकाच ओळखतो. आक्कांचे गुडघे आता खरोखरच थकलेत, फार वाट बघणं त्यांना झेपणार नाही. आज जेवताना सांगून टाका.